‘लेखकाचा सूर कोणता?’ या प्रश्नाला मुलं ‘चांगला’ असं का लिहितात

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी आठवी-नववीला भाषा शिकवते. उतारा वाचून झाला की ‘लेखकाचा हेतू काय?’ असं विचारते. तीसपैकी पंचवीस वह्यांत ‘माहिती देणे’ येतं. ‘लेखनाचा सूर कोणता?’ विचारलं तर ‘चांगला’, ‘दुःखी’, नाहीतर ‘सकारात्मक’. सुरांची यादी पाठ करून घेतली, वर्गात तक्ता लावला, काही फरक नाही. हे शिकवता येतं का, की ज्याला वाचनाची गोडी आहे त्यालाच ते कळतं?”

शिकवता येतं. पण तक्ता आधी काढून ठेवा. चोवीस वर्षांतली पहिली आठ-दहा वर्षं मीही तो लावत होते. उपरोधिक, मिश्किल, गंभीर, तटस्थ, कळवळ्याचा… मुलं यादी धडाधड म्हणून दाखवायची आणि उतारा समोर आला की त्यातला एक शब्द डोळे मिटून उचलायची. त्यांच्याकडे नावं होती, पण ती कशाची नावं आहेत हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

आणि तुमचीच मुलं कच्ची आहेत असं समजू नका. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते. तिच्या २०१८च्या फेरीत वाचनाच्या सर्वांत वरच्या पातळ्यांवर, म्हणजे पाचवीवर किंवा सहावीवर, पोहोचलेली मुलं ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास होती. मजकुरातल्या आडून येणाऱ्या खुणांवरून तथ्य कुठलं आणि मत कुठलं हे वेगळं करणं त्याच पातळ्यांवर अपेक्षित असतं. काम अवघडच आहे.

माझं सगळं शिकवणं आता एका गोष्टीवर उभं आहे. लेखकाने जे लिहिलं ते मुलांना दिसतं. जे लिहिता आलं असतं पण लिहिलं नाही, ते दिसत नाही. सूर त्या दोहोंमधल्या फरकात असतो. एकच वाक्य समोर ठेवून ‘सूर सांग’ म्हणणं म्हणजे एकच काठी दाखवून ‘लांब की आखूड?’ विचारण्यासारखं आहे. दुसरी काठी आधी आपण शेजारी ठेवायची, मग हळूहळू मुलांनी स्वतः.

दुसरी काठी कशी ठेवायची ते दाखवते. फळ्यावर एक साधी बातमी लिहिते: दुपारी दोन ते चार ग्रंथालय बंद राहणार. एवढंच तथ्य, यात कमी-जास्त काही नाही. मग खाली:

ग्रंथालय सोमवारपासून दुपारी दोन ते चार बंद राहील.
ग्रंथालय आता दुपारीही बंद.
ग्रंथालय म्हणे आता दुपारी बंद असणार.
अखेर ग्रंथालयाने दुपारची विश्रांती मिळवलीच.
दुपारी ग्रंथालय बंद ठेवण्याचा निर्णय नाइलाजाने घ्यावा लागत आहे.
‘वाचकांच्या सोयीसाठी’ ग्रंथालय दुपारी बंद ठेवण्यात येत आहे.

या वेळी ‘सूर’ हा शब्दच काढायचा नाही. विचारायचं, “हे कोण बोलतंय?” मुलं लगेच सांगतात. पहिलं फलकावरचं आहे. दुसऱ्यात कुणीतरी वैतागलंय. पाचवं ग्रंथपालाचं आहे, त्याला वाईट वाटतंय, निदान तसं दाखवायचं आहे. सहाव्यावर थोडी मारामारी होते, कारण काहींना ते सरळ वाटतं आणि काहींना अवतरणचिन्हं टोचतात.

मग खरं काम. एका मुलाला फळ्याजवळ बोलावते आणि दुसऱ्या वाक्यातला ‘ही’ तळहाताने झाकायला सांगते. “ग्रंथालय आता दुपारी बंद.” वैताग गेला! एका अक्षरात होता तो. ‘दुपारीही’ म्हणजे सकाळी, संध्याकाळी, आणखी कधीकधी बंद असतंच, त्यात ही भर, एवढी सगळी तक्रार त्या ‘ही’त बसली होती. तिसऱ्यातला ‘म्हणे’ झाकला की बोलणाऱ्याचा अविश्वास जातो. चौथ्यातला ‘अखेर’ आणि ‘च’ झाकून पाहा: “ग्रंथालयाने दुपारची विश्रांती मिळवली.” बोचरेपणा कमी झाला, पण गेला नाही, कारण तो ‘विश्रांती’तही आहे. हे मात्र मुलांनीच शोधायचं असतं. आपण सांगितलं की मजा गेली.

आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे. च, ही, तर, म्हणे, बरं का, एकदाचा, बापडा, की, ना… यांतल्या बहुतेक बारक्या शब्दांना व्याकरणाच्या तासाला आपण ‘अव्यय’ म्हणून हातावेगळं करतो आणि उताऱ्याच्या तासाला विसरतो. लेखक बहुतेक वेळा तिथेच सापडतो. नामं आणि क्रियापदं बातमी सांगतात. ती सांगताना लिहिणाऱ्याच्या भुवया कुठे होत्या ते या चिल्लर शब्दांवरून कळतं.

एक शब्द तर मी पूर्ण तासभर घेते: ‘असो.’ परिच्छेद संपतो, पूर्णविराम, आणि पुढे एकटा ‘असो’. मुलांच्या मते त्याचा अर्थ ‘ठीक आहे’. ठीक मुळीच नसतं! लिहिणाऱ्याला अजून पुष्कळ बोलायचं होतं, ते त्याने गिळलं, आणि गिळलं हे आपल्याला दिसेल अशी व्यवस्था केली. ‘असो’च्या आधीची चार वाक्यं पुन्हा वाचा म्हटलं की त्यांतली तक्रार वर येते.

यानंतर क्रियापदांच्या जोड्या. कुणीतरी आलं, एवढीच घटना. ‘आले’, ‘पोहोचले’, ‘उगवले’, ‘अवतरले’, ‘टपकले’, ‘येऊन धडकले’. मुलं हसत हसत फरक सांगतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं की ‘अवतरले’मध्ये मान आहे. आहेच, पण तो जास्तीचा मान आहे. गरजेपेक्षा जास्त आदर दिला की तो उलटा होतो, हे मुलांना घरीदारी पक्कं माहीत असतं. रोज ‘तू’ म्हणणारी आई एकदम “आलात? या, बसा” म्हणाली की काय समजायचं, हे कुठल्याही आठवीतल्या मुलाला शिकवावं लागत नाही. त्याची ही समज कागदापर्यंत आणायची, इतकंच आपलं काम.

सगळ्यात जास्त फळ मला एका क्रियापदाच्या जोडीने दिलं आहे: फुटणे आणि फोडणे. चेंडू लागून खिडकीची काच गेली. आता लिहा:

मी काच फोडली.
माझ्याकडून काच फुटली.
चेंडू लागून काच फुटली.
काच फुटली.
काच आधीच तडकलेली होती.

वरून खाली येताना माणूस हळूहळू वाक्यातून बाहेर पडतो. पहिल्यात तो समोर उभा आहे. दुसऱ्यात अर्धा दाराआड: कबुली आहे, पण काच जणू स्वतःच्या मर्जीने फुटली आणि हा नेमका शेजारी होता. तिसऱ्यात चेंडू दोषी. चौथ्यात दोषी कुणीच नाही. पाचव्यात तर दोष काचेचाच, आणि बोलणारा जवळजवळ तक्रार करतोय. तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे या जोड्यांवर हाच खेळ करून पाहा. मग मुलांना वर्तमानपत्रातली वाक्यं द्या: ‘झाडे तोडण्यात आली’, ‘दगडफेक झाली’, ‘निधी वळवला गेला’. कोणी? वाक्य बोलत नाही. ते न बोलणं निष्काळजीपणाने झालंय की ठरवून, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे आपण न कळत सुरावरून हेतूवर आलेलो असतो.

म्हणून हेतू आधी आणि सूर नंतर हा पाठ्यपुस्तकी क्रम मी सोडून दिला आहे. सूर हातात लागतो, तो शब्दांत बोट ठेवून दाखवता येतो. हेतू हा त्यावरून काढायचा निष्कर्ष आहे. हेतूपासून सुरुवात केली की मुलं अंदाज बांधतात, आणि सर्वांत सुरक्षित अंदाज ‘माहिती देणे’ हाच असतो, कारण प्रत्येक मजकुरात काहीतरी माहिती असतेच. तुमच्या पंचवीस वह्या चूक नाहीत, त्या फक्त निरुपयोगी आहेत.

हेतूच्या त्या ठरावीक तीन खणांबद्दलही बोलायला हवं: माहिती देणे, मनोरंजन करणे, मत पटवणे. ही वाटणी फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिसेरो या रोमन वक्त्याने वक्त्याची तीन कामं सांगितली होती: समजावणं, रिझवणं, मन हलवणं. पण त्याचं म्हणणं असं होतं की उत्तम वक्ता ही तिन्ही कामं करतो. आपण त्या तीन कामांचे तीन डबे केले आणि मुलांना सांगितलं, एक निवड. मग विनोदी लेख मनोरंजनात जातो, भले त्याने कुणाची तरी सालटी काढलेली असोत.

मी प्रश्नच बदलला. “हे वाचून उठल्यावर वाचकाने काय करावं, काय मानावं, किंवा काय मानणं सोडावं, असं लिहिणाऱ्याला वाटतं?” उत्तर पूर्ण वाक्यात हवं आणि ते दुसऱ्या कुठल्याही उताऱ्याला लागू पडता कामा नये. ही दुसरी अट फार उपयोगी आहे. ‘माहिती देणे’ सगळ्यांना लागू पडतं, म्हणून बाद.

मधमाश्यांवरचा एक बारा ओळींचा उतारा मी यासाठी स्वतःच लिहिला आहे, दरवर्षी वापरते. मुलांचं पहिलं उत्तर: मधमाश्यांची माहिती देणे. मग पेन्सिल घेऊन ओळी मोजायला लावते. परागीभवनावर सात ओळी, मधावर दोन, पोळ्याच्या रचनेवर अडीच, आणि डंखावर अर्धी. ती अर्धी ओळ अशी आहे: “ती क्वचित डंख मारते, तोही स्वतःला धोका वाटला तरच.” ‘क्वचित’ झाकायला लावते, मग ‘तोही’, मग ‘तरच’. उरतं: “ती डंख मारते, स्वतःला धोका वाटला.” तीन शब्द जाताच डंख केवढा मोठा झाला! मागच्या वर्षी एका मुलीने यावर लिहिलं: “मधमाशी दिसली की लोकांनी मारायला धावू नये असं लेखकाला वाटतं, म्हणून त्याने डंख लहान करून दाखवला.” माझ्यासाठी हे पैकीच्या पैकी उत्तर आहे. उताऱ्यातल्या कुठल्याच वाक्यात ‘मारू नका’ असं लिहिलेलं नाही.

कशाला किती जागा दिली, हे मोजणं मुलांना आवडतं, कारण त्यात हुशारी लागत नाही, पेन्सिल लागते. वर्गात एरवी गप्प बसणारी मुलंही इथे बोलतात. मात्र जागा हा एकच पुरावा धरू नका. कधीकधी सगळा उतारा एका शेवटच्या ओळीसाठी लिहिलेला असतो.

मजकूर कुठून आला, हे सांगायला विसरू नका. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याचं नाव, गाव, तारीख सगळं खरवडलेलं असतं, आणि मग आपण विचारतो की लेखकाला काय म्हणायचंय. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रिया लिहून घेतल्या. १९२९ साली त्यावर पुस्तक आलं. चांगल्या शिकल्यासवरल्या मुलांनी कवितांचे काय काय अर्थ लावले होते ते वाचून आपल्या आठवीवर राग राहत नाही. मी दोन्ही करून पाहते. आधी उतारा नुसता, मग त्याच्याखाली ‘हा मजकूर अमुक वस्तू बनवणाऱ्यांनी छापून घेतला आहे’ अशी चिठ्ठी. दुसऱ्या वाचनात मुलं ताठ बसतात.

पण चिठ्ठी दिसूनही ती वाचली जातेच असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका गटाने २०१६ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची अशी पाहणी प्रसिद्ध केली होती. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ‘प्रायोजित मजकूर’ असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात समोर असताना, आपल्या सहावी ते आठवीच्या वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी ती खरी बातमी मानली. ‘प्रायोजित’ हा शब्द त्यांनी वाचला नसेल असं नाही. ‘याचे पैसे कुणी दिले?’ हा प्रश्न त्या शब्दाला जोडायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रिचर्ड्स यांच्याच पुस्तकातली दुसरी एक गोष्ट वर्गात फार कामाला येते. अर्थाचे त्यांनी चार पदर केले: नुसता अर्थ, भावना, सूर आणि हेतू. यात ‘भावना’ म्हणजे लिहिणाऱ्याची विषयाकडे पाहण्याची दृष्टी, आणि ‘सूर’ म्हणजे त्याची वाचकाशी वागण्याची रीत. शाळेत आपण दोन्हींना सूर म्हणतो आणि मग मुलांचा गोंधळ होतो. मी वहीत दोन बाण काढायला लावते, एक विषयाकडे, एक वाचकाकडे. “तुमच्यासारख्या सुज्ञ वाचकाला हे वेगळं सांगायला नकोच, पण काही लोक अजूनही आंधळेपणाने यावर विश्वास ठेवतात.” विषयाकडे जाणारा बाण तिखट, वाचकाकडे जाणारा गोड. ‘सूर कोणता?’ याला एका मुलाने ‘रागीट’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘प्रेमळ’, तर दोघांनाही निम्मं दिसलेलं असतं. गोड बाणाचं काय काम आहे, हे त्यांना विचारा. सुज्ञ ठरायचं असेल तर लेखकाशी सहमत व्हावं लागेल, हे मुलांच्या लक्षात येतं तेव्हा ती चक्क दुखावतात, आपल्याला कुणी फसवत होतं म्हणून.

आता उपरोध. इथे मुलं हमखास अडखळतात, कारण आधी शब्दशः वाचायला आपणच शिकवलेलं असतं. मी वापरते तो उतारा असा:

“सभा अकराला सुरू होणार होती, आणि साडेबारापर्यंत ती खरोखरच सुरू झाली. अध्यक्षांनी वेळेच्या महत्त्वावर पाऊण तास मौलिक मार्गदर्शन केलं. श्रोत्यांपैकी जे जागे होते त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आवाजाने जागे झालेल्यांनीही.”

पहिल्या वाचनात एका मुलाने लिहिलं होतं: हेतू – सभेची माहिती देणे, सूर – आनंदी, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खोडलं नाही. म्हटलं, “यातला कुठला शब्द तू लिहिला नसतास?” बराच वेळ तो पाहत राहिला. मग म्हणाला, “बाई, ‘खरोखरच’ कशाला लिहिलंय? सभा सुरू होणारच ना.” सगळा उतारा त्याच धाग्याने उसवला. ‘खरोखरच’ आहे म्हणजे सुरू होईल असं कुणाला वाटत नव्हतं. मग दीड तासाचा उशीर आणि विषय वेळेचं महत्त्व! मग ‘मौलिक’. दोन मिनिटांत तो मुलगाच इतरांना समजावू लागला. ‘कुठला शब्द तू लिहिला नसतास?’ हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक उताऱ्याला विचारते. दुसरी काठी मुलाने स्वतः आणायची, ती इथे.

या प्रकाराला आपल्याकडे जुनी बैठक आहे. शब्दाचा सरळ अर्थ आणि त्याआडून सुचणारा अर्थ यांत आपल्या काव्यशास्त्राने केव्हाच फरक केला. वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ हे शब्द तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकात असतीलच, फक्त ते गुणांपुरते पाठ होतात. आवाजाच्या फेकीने अर्थ बदलतो त्याला तिथे ‘काकु’ म्हणतात. (वर्गात हा शब्द उच्चारलात की हसण्यासाठी अर्धा मिनिट राखून ठेवा.) मोठ्याने वाचून घेणं म्हणूनच फार मोलाचं आहे. “आलास.” “आलास?” “आलास तू!” “आलास एकदाचा.” एकच शब्द पाच जणांकडून पाच तऱ्हांनी म्हणवून घ्या, बाकीच्यांनी डोळे मिटून ओळखायचं.

पण त्यातच अडचण दडलेली आहे. कागदाला गळा नसतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली हे मानसशास्त्राचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही टोमण्याने, कधी आवाजात तर कधी ई-मेलवर पाठवायची. समोरच्याने कुठलं काय ते ओळखायचं. आवाजावरून साधारण पाऊण वेळा बरोबर ओळखलं गेलं, ई-मेलवरून निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे छापा-काट्याच्या जवळपास. पाठवणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे आपला सूर सारखाच पोहोचेल अशी खात्री होती. लिहिताना आपल्याला आपला आवाज ऐकू येत असतो ना!

याचा चटका मी स्वतः खाल्ला आहे. एका मुलाच्या निबंधाखाली ‘छान प्रयत्न!’ असं लिहिलं होतं, अगदी मनापासून. महिनाभर तो माझ्याशी धड बोलेना. शेवटी कळलं, वरती बावीस ठिकाणी लाल खुणा आणि खाली उद्गारवाचक चिन्हासकट ‘छान प्रयत्न!’ म्हणजे बाईंनी टोमणा मारला. चिन्ह काढून ‘प्रयत्न छान आहे’ लिहिलं असतं तर चाललं असतं. आता हीच गोष्ट मी मुलांना सांगते आणि विचारते, की त्याने चुकीचं वाचलं की मी चुकीचं लिहिलं. वाद जोरात होतो. त्यातून एक बारीक मुद्दा निघतो: लेखकाच्या मनातला हेतू एक, कागदावर उतरलेला दुसरा, आणि आपल्याला पुरावा फक्त दुसऱ्याचाच मिळतो.

दर तीन-चार वर्षांनी एखादं मूल विचारतंच, “लेखक तर वारलाय, त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला कसं माहीत?” त्याला गप्प करू नका. १९४६ साली विमसॅट आणि बियर्डस्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी नेमकी हीच शंका घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. लेखकाच्या मनातला हेतू ही साहित्यकृती जोखण्याची कसोटी नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तडजोड अशी करते: उत्तराची सुरुवात ‘लेखकाला वाटतं’ अशी असली तरी शेवट ‘कारण अमुक ओळीत अमुक शब्द आहे’ असाच व्हायला हवा.

निवेदक आणि लेखक एकच नसतात, हे नववीत एकदा तरी आणावं. उपरोधासाठी प्रसिद्ध असलेले लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७२९ साली एक प्रस्ताव छापला: आयर्लंडमधल्या गरिबांची तान्ही मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, म्हणजे दारिद्र्याचा प्रश्न सुटेल. प्रस्ताव मांडणारा माणूस शांत, हिशेबी, लोककल्याणाच्या गोष्टी करणारा, आकडेमोडही व्यवस्थित. मुलांना ही गोष्ट सांगितली की आधी वर्ग किंचाळतो. मग विचारते, “बोलणाऱ्याचा सूर?” कोरडा, हिशेबनिसाचा. “आणि स्विफ्टचा?” थोडा वेळ शांतता. जितका हा हिशेबनीस थंड, तितका त्यामागचा माणूस संतापलेला, हे कुणीतरी सांगतंच. इतका टोकाचा नमुना एकदा पाहिला की मग सौम्य नमुने ओळखू येतात. प्रश्नचिन्हाचंही तसंच. १८९७ साली लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा आला होता. त्यात प्रश्नचिन्ह आहे, पण उत्तराची वाट कुणी पाहत नाहीये.

एक इशारा. उपरोध शिकवल्यावर दोन-तीन आठवडे मुलांना सगळीकडे उपरोध दिसतो. साध्या शोकसंदेशातही ‘टोमणा’ सापडतो. घाबरू नका, पण औषध तयार ठेवा: अगदी सरळ मजकूर द्या आणि ‘इथे काहीही दडलेलं नाही’ हेही पुराव्यानिशी सिद्ध करायला लावा. याच्या उलटी चूक म्हणजे विषयालाच सूर समजणं. मरणावरचा लेख म्हणजे दुःखी, सणावरचा म्हणजे आनंदी. यासाठी दुःखाच्या प्रसंगावरचा एखादा हलकाफुलका उतारा आणि आनंदाच्या प्रसंगावरचा कोरडा अहवाल शेजारी शेजारी ठेवले की पुरतं.

सुरांची नावं मी या सगळ्यानंतर देते, आणि तीही जोडीने. ‘मिश्किल आणि खोचक यांत फरक काय?’ ‘कोरडा आणि तटस्थ?’ ‘आर्जवी आणि लाचार?’ जोडीतला फरक सांगता आला तर शब्द मुलाचा झाला. अशा दहा-बारा जोड्या वर्षभराला भरपूर होतात.

लिहायलाही लावा. एकच घटना तीन जणांनी लिहायची: तक्रार करणारा, माफी मागणारा, नोंद ठेवणारा. मग वह्या बदलून दुसऱ्याने कुठला लेखक कोण ते ओळखायचं आणि ज्या शब्दावरून ओळखलं त्याखाली रेघ मारायची. वाचून जे महिनाभरात समजत नाही ते स्वतः लपवाछपवी करून लिहिलं की दोन तासिकांत समजतं, निदान माझ्या वर्गांत तरी असंच झालं आहे.

गुण देताना मी सुराच्या नावाला एक आणि पुराव्याला दोन देते. ‘खोचक’ऐवजी कुणी ‘तिरकस’ लिहिलं आणि बोट योग्य शब्दावर ठेवलं, तर पूर्ण गुण. दोन मुलांनी वेगवेगळे सूर सांगितले आणि दोघांकडे पुरावा आहे, तर दोघांनाही. बहुपर्यायी प्रश्न काढायचेच असतील तर ‘सूर ओळखा’ असं न विचारता ‘खालीलपैकी कोणता शब्द बदलला तर सूर सर्वांत जास्त बदलेल?’ असं विचारा. त्यात ठोकताळा चालत नाही.

परवा तासाला जाल तेव्हा नवा उतारा घेऊ नका. ज्यावर पंचवीस जणांनी ‘माहिती देणे’ लिहिलं तोच पुन्हा काढा, त्यातलं एकच वाक्य फळ्यावर लिहा आणि एखाद्या मुलाला म्हणा, यातला एक शब्द हाताने झाक. कुठला झाकायचा ते त्याचं त्याला ठरवू द्या.